उजव्या कानाखालची खूण

तीर्थस्वरूप ताईस,

बारक्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग आता फक्त कागदावरच जमतो, गुडघ्यांनी गेल्या वर्षापासून संप पुकारला आहे.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींनी मीठ सोडलं का, की तुझी पाठ वळली की बरणी गाठतात? मी ठीक आहे. माझी काळजी करण्यासारखं इथे काही नाही आणि करायला कोणी नाही, म्हणजे दोन्ही बाजूंनी सोय आहे.

पत्र आलेलं बघून तू आधी पाकीट उलटसुलट करून पाहिलं असशील, कोणी गेलं-बिलं की काय म्हणून. कोणी गेलेलं नाही. आपण दर रविवारी फोनवर बोलतो हे मी विसरलेलो नाही. पण फोनवर मी काहीही सांगितलं की तू 'बरं' म्हणतेस, आणि त्या 'बरं'च्या पुढे मला एक शब्द सुचत नाही. तुझी कंबर, माझे गुडघे आणि हवामान, एवढ्या तीन विषयांवर आपण नऊ वर्षं काढली. चौथा विषय दोघांनाही ठाऊक आहे. आई गेली त्या दिवशी दवाखान्याच्या दारात तू मला विचारलंस, "इतका वेळ कुठे होतास?" मी म्हणालो, "काम होतं." तू म्हणालीस, "बरं." ते पहिलं. त्या सकाळी मी नेमका कुठे होतो ते मला तुला सांगायचं आहे, आणि ऐकल्यावर तू माझ्याशी बोलशील की नाही याची धास्ती वाटते आहे. म्हणून सुरुवात परग्रहावरच्या लोकांपासून करतो. त्यांची मला भीती वाटत नाही.

'ते आधीच आले आहेत' ही मालिका तुला आठवत असेल. (नसेल तर तुझा दोष नाही. ती अकराच भाग चालली, आणि त्यातले दोन भाग फुटबॉलचा सामना लांबल्यामुळे निम्मेच दिसले.) मी तिचा रंगभूषाकार होतो. गोष्ट अशी, की परग्रहावरचे लोक एका लहानशा गावात येऊन राहिले आहेत, पण हल्ला-बिल्ला काही करत नाहीत. एकेक माणूस हळूच बदलून टाकतात. पोस्टमन त्यांचा, पाणीखात्यातला साहेब त्यांचा, शाळेच्या समितीतले निम्मे त्यांचे. वरच्या लोकांना सगळं ठाऊक असतं आणि ते फायलीवर बूड टेकून बसलेले असतात. सुगावा लागलेला असतो फक्त मीटर वाचणाऱ्या एका माणसाला, कारण तो घरोघर जातो आणि काही घरांत पाणी अजिबात खर्च होत नाही हे त्याच्या लक्षात येतं. त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. (मीटर वाचणाऱ्यावर एरवी तरी कोण ठेवतं?) आमच्याकडे साधनांची इतकी ओढाताण होती की पृथ्वीवरचं आक्रमण बहुतेक वेळ बंद दारांमागे किंवा टेलिफोनवरच चालायचं. यान फक्त दोनदा दिसलं. ते न्हाणीघरातला पंखा आणि आईची दोन मोठी झाकणं मिळून बनवलेलं होतं. कलादिग्दर्शकाला हव्या त्या आकाराचं काही सापडेना, म्हणून आठवड्यात परत देतो असं सांगून मी घरून झाकणं उचलली होती. पहिला भाग लागला तेव्हा आईने शेजाऱ्यांना बोलावून सांगितलं की वरचं झाकण माझं आहे आणि खालचंही माझंच आहे. मानवजातीचं काय होणार याची तिला तेवढी फिकीर नव्हती.

परग्रहावरचा माणूस ओळखायचा कसा, तर त्याच्या डाव्या कानाखाली, मानेवर, नखाएवढा निळसर खवला. तो खवला मी बसवायचो, पातळ रबराचा, वर तीन छटा देऊन. (कानाखाली काही बसवायचंच असेल तर ते माझ्या बसवायला हवं, असं तुला त्या दिवसांत वाटलं असणार. तिकडेही येतोच आहे.) आमच्या कामात एक रीत आहे. चित्रीकरण तुकड्यातुकड्यांनी होतं, आज दार उघडलेला माणूस उद्या आत शिरतो. म्हणून दिवस संपला की नटाचा फोटो काढायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी तो आरशाच्या कोपऱ्यात चिकटवायचा आणि त्यात दिसतं तसंच्या तसं पुन्हा करायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही, फोटो म्हणेल ती पूर्व दिशा. त्यासाठी माझ्याकडे कागदावर लगेच फोटो काढून देणारा एक जुना कॅमेरा होता.

पाचव्या भागाच्या वेळी आई दवाखान्यात होती आणि तू तिच्यापाशी. त्या संध्याकाळी तुझा फोन आला होता, आठवतं? आई म्हणते आहे, हा दिवसभर चांगल्या माणसांचे राक्षस करतो म्हणे, एकदा त्याला काम करताना बघू दे, फोटोत का होईना. आणि हसायला सांग त्याला, असंही तिने बजावलं होतं. माझ्या कॅमेऱ्यात एकच कागद उरला होता. खुर्चीत पोस्टमन होता. (म्हणजे पोस्टमनचं काम करणारा नट, साठीचा, गरीब स्वभावाचा, ब्रश लागला की डोळे मिटून झोपी जाणारा.) म्हटलं, एकाच कागदात दोन्ही कामं उरकू. त्याच्या मागे उभा राहिलो, एका हातात ब्रश घेतला, दुसऱ्या हाताने कॅमेरा आरशाकडे धरला, हसलो आणि कळ दाबली. फोटो झकास आला. पुढे पोस्टमन, त्याची मान, मानेवर खवला, मागे मी दात काढून. सकाळी कामाला वापरायचा आणि संध्याकाळी आईला नेऊन दाखवायचा असं मी ठरवून टाकलं. पण फोटो आरशातला होता. आरशात डावं उजवीकडे जातं हे अठ्ठावीस वर्षं आरशासमोर उभ्या असलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. एरवी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तुझा फोन आला. "ये. आत्ता नीघ." एवढंच म्हणालीस. त्या दिवशी पोस्टाच्या मागच्या खोलीतल्या गुप्त सभेचा प्रसंग होता, त्यात एकतीस जण एकदम कॉलर खाली करून आपापल्या खुणा दाखवतात. एकतीस माना, एकतीस चेहरे. मी फोटो आरशाला चिकटवला, तो म्हणेल तसं केलं, आणि पोस्टमनच्या उजव्या कानाखाली खवला बसवला. बाकी तिसांचे डावीकडे. अशा चुका पकडायला आमच्याकडे एक खास बाई असायच्या, त्या नेमक्या दाढ काढायला गेल्या होत्या. कोणाच्याही लक्षात आलं नाही. एवढी माणसं टाकून निघता येईना. सगळं उरकून तासाभराचं अंतर कापून दवाखान्यात पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. आई साडेनऊला गेली होती. फोटो खिशात होता, तो मी तुझ्या हातात दिला. तू तो न बघता पर्समध्ये टाकलास.

हे मी कोणालाच बोललो नाही, आणि बोलायची पाळीही आली नाही, कारण पाचवा भाग दाखवला गेला आणि प्रेक्षकांची पत्रं येऊन पडली. पोस्टमनची खूण उजवीकडे का? तो त्यांच्यातला नाही का? तो फुटला आहे का? त्यांच्यात दोन पंथ आहेत का? पटकथा लिहिणारे गृहस्थ तेव्हा सातव्या भागाशी अडून तीन दिवस नखं खात बसले होते. त्यांनी ती पत्रं वाचली, दार लावून घेतलं आणि दोन दिवसांनी एक अख्खी दुसरी जमात घेऊन बाहेर आले. उजव्या कानाचे. हे म्हणे फार आधी आले होते आणि त्यांना माणसांचा लळा लागला होता. दिग्दर्शकाने मला बोलावून घेतलं. माझी गाळण उडाली होती. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि सांगितलं की ही कल्पना पहिल्या दिवसापासून त्याच्या डोक्यात होती, मी ती न सांगता ओळखली याचं त्याला कौतुक वाटतं. पुढे एका मुलाखतीत तो म्हणाला की उजव्या कानावर त्याने तीन महिने चिंतन केलं. निर्मात्याने दुसऱ्या मुलाखतीत तेच स्वतःबद्दल सांगितलं. माझं तोंड उघडायला जागाच कुठे होती?

नव्या जमातीला आता काहीतरी काम द्यायला हवं होतं आणि यान उडवण्याची आमची ऐपत नव्हती. (एका झाकणाला पोचाही आला होता.) तेव्हा लेखकाने त्यांना लोकांच्या उशाशी बसवलं. पलंग, खुर्ची आणि दिवा, एवढ्यात भागतं. मीटरवाल्याची बायको तापाने फणफणली की उजव्या कानाचा पोस्टमन येऊन खुर्चीवर बसायचा, काही न बोलता. बस्स. अकराव्या भागाच्या शेवटी मीटरवाला पोस्टमनच्या घरी जातो, दार वाजवतो, दार उघडतं, आणि तिथे मालिका बंद पडली. पुढच्या गुरुवारी त्याच वेळेला कपाट कसं आवरावं याचा कार्यक्रम लागला. दाराआड काय होतं ते आजवर कोणाला कळलेलं नाही. मलाही नाही. आतली खोली बांधलीच नव्हती.

आता या महिन्यातली गोष्ट. मला एक पत्र आलं, अक्षर असं की वाचताना आपोआप ताठ बसावं. एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचं. त्यांनी लिहिलं होतं की या मालिकेचे चाहते दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी वाचनालयाच्या माडीवर जमतात, गेली नऊ वर्षं, आणि उजव्या कानाच्या खुणेमागचा खरा विचार रंगभूषाकाराच्या तोंडून ऐकायची मंडळींची इच्छा आहे. मी गेलो. चौदा माणसं होती. दारातून आत येणारा प्रत्येक जण मान किंचित वाकवून उजव्या कानाखालची जागा दाखवायचा, मगच खुर्ची. (एका काकांना मानेचा पट्टा होता. त्यांना सवलत होती.) एक दातांचे डॉक्टर होते, एक लिफ्ट दुरुस्त करणारे गृहस्थ होते, या मालिकेवरच्या भांडणातून लग्न जमलेलं एक जोडपं होतं आणि ते अजून भांडत होतं. आणि टेबलाच्या टोकाला मुख्याध्यापिकाबाई, पुढ्यात सात जाड वह्या. सातही वह्या उजव्या कानाच्या. त्यांनी कुठल्या प्रसंगात कोण कुठल्या बाजूला बसलं आहे इथपर्यंत टिपून ठेवलं होतं.

ताई, मी घरून एक भाषण पाठ करून गेलो होतो. हृदय डावीकडे असतं, म्हणून प्रेम करणाऱ्यांची खूण उजवीकडे, तोल साधायला, असं काहीतरी. खोटं, पण गोंडस. उभा राहिलो, त्या वह्या पाहिल्या, आणि भाषण सोडून दिलं. नऊ वर्षं एखादी बाई इतक्या सुबक अक्षरात माझी चूक उतरवत बसली असेल, तर तिच्या तोंडावर आणखी थाप कशी मारायची? मी खरं सांगून टाकलं. आरसा, शेवटचा कागद, आईला हवा असलेला फोटो, सकाळचा फोन, एकतीस चेहरे, अकरा वाजता पोचणं. मला वाटलं, आता एक तर मला हाकलतील नाहीतर सगळे उठून जातील.

कोणी उठलं नाही. मग लिफ्टवाले शेजाऱ्याच्या कानाशी लागून म्हणाले की यांच्यावर दबाव आणलेला दिसतो. शेजाऱ्याने मान डोलावली. दातांच्या डॉक्टरांनी फार हळुवारपणे, भूल देण्याआधी बोलतात तसं, मला विचारलं की त्या सकाळी नेमका कोणाचा फोन आला होता. मी म्हटलं, माझ्या बहिणीचा. ते म्हणाले, "आणि बहिणीला फोन करायला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, कोणी नाही, तिचा तिनेच केला. यावर त्यांनी सगळ्यांकडे असं पाहिलं की बघा, मी म्हणत नव्हतो? दाढवाल्या बाई नेमक्या त्याच दिवशी गैरहजर कशा, हाही मुद्दा निघाला. तेव्हा अभिनंदन. सभेच्या इतिवृत्तात तुझी नोंद 'सकाळी सहाला फोन करणारी अज्ञात स्त्री' अशी झाली आहे. माझी नोंद 'सत्य दडपण्यास भाग पाडलेला कारागीर' अशी. मला चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त मिळाली.

मुख्याध्यापिकाबाई मात्र या सगळ्यात एक अक्षर बोलल्या नाहीत. सभा संपल्यावर मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. जिन्यावर थांबून म्हणाल्या की माझा तुमच्यावर विश्वास बसला आहे, पण आत सांगणार नाही, कारण त्या लोकांना महिन्यातून एकदा एवढीच जागा आहे. मग त्यांनी सांगितलं की मालिका चालू होती तेव्हा त्यांचे यजमान अंथरुणाला खिळलेले होते. भेटायला येणारे हळूहळू कमी झाले होते. टीव्ही पलंगाच्या पायथ्याशी असायचा. मी माफी मागायला लागलो तेव्हा मला हाताने थांबवून म्हणाल्या, "चूक असेल तुमची. पण दर गुरुवारी ती चूक आमच्या घरी यायची आणि आमच्याजवळ बसायची. दुसरं कोणी येत नव्हतं."

त्यांनी विचारलं की आईने तो फोटो पाहिला का. म्हटलं, नाही. हे सगळं बहिणीला सांगितलंत का? म्हटलं, नाही. तेव्हा त्या थेट वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "मग चौदा परक्यांच्या आधी तिचा नंबर होता. घरी जा आणि पत्र लिहा." त्यांनी आणखीही एक गोष्ट विचारली, पण ती राहू दे. मी घरी आलो आणि लिहायला बसलो. आज चौथा दिवस आहे, आणि हा चौथा कागद.

तर ताई, त्या सकाळी मी असा होतो. काम होतं हे खरंच होतं. तुला एकटीला ते सगळं सोसावं लागलं, डॉक्टरांच्या मागे पळावं लागलं आणि आईने मान वळवून दाराकडे पाहिलं असेल तेव्हा दारात मी नव्हतो, याचं मला वाईट वाटतं, रोज वाटतं. उपयोग नाही, पण वाटतं. भाऊजींना नमस्कार सांग आणि बरणी वरच्या फळीवर ठेव. कंबरेला जप.

तुझा, त्रेपन्नाव्या वर्षीही,
बारक्या

ता. क. झाकणं सापडली. नऊ वर्षांपूर्वी तू विचारली होतीस म्हणून कळवतो. यान दातांच्या डॉक्टरांच्या प्रतीक्षाकक्षात काचेच्या पेटीत आहे. माणसं त्याच्याकडे बघत दाढ धरून बसतात. मी ती झाकणं आमच्या आईची आहेत असं सांगितलं, तर त्यांना तेही कोणीतरी मला पढवलेलं वाटलं. पण मुख्याध्यापिकाबाईंनी पुढच्या रविवारी परत करा म्हणून फर्मावलं आहे, आणि बाईंपुढे डॉक्टरांचं काही चालत नाही. मंडळींना तो फोटोही पुरावा म्हणून बघायचा आहे. तो तुझ्याकडेच असणार. पोस्टाने पाठवू नकोस. घेऊन ये. पुरावा मला नकोच आहे, तू यावीस एवढ्यासाठीच हे चार कागद. झाकणं तुझ्या हातात मिळाली तर बरं.

ता. क. २. पाकीट बंद केलं होतं, पुन्हा फोडलं. जिन्यावर त्यांनी विचारलेली गोष्ट अशी. त्या म्हणाल्या, "एकतीस चेहरे तुम्हीच केलेत आणि तीस खुणा डावीकडे बसवल्यात, तर एकच उजवीकडे गेलेली तुम्हाला दिसली कशी नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं. बाकीचे तीस चेहरे माझ्या सहायक बाईंनी केले, नेहमीच्या सवयीने, डावीकडे. तुझा फोन येऊन गेल्यावर पाचच मिनिटांत व्यवस्थापक माझ्याकडे आला होता. म्हणाला, खाली गाडी उभी आहे, जा, आम्ही बघून घेतो. मी म्हटलं, एवढा एक चेहरा करतो. तो केला. मग आतल्या बेसिनपाशी जाऊन ब्रश धुतले. ते स्वच्छच होते. पुसले, ओळीने लावले, पुन्हा धुतले. गाडी खाली उभीच होती. सातला निघालो असतो तर आठला आईजवळ असतो, ती बोलत होती तेव्हा. ताई, तुझा 'नीघ' म्हणतानाचा आवाज मी ओळखला होता. मला वाटत होतं की मी आलो तर ती जाईल, आणि मी इथे ब्रश धुतोय तोवर ती तिथे आहे. बाकी काही काम नव्हतं. मी घाबरलो होतो आणि तुला तिथे एकटीला ठेवलं. हे मी सभेत सांगितलं नाही, वरच्या चार कागदांतही सांगितलं नाही. त्या मंडळींना मी काहीतरी दडपतो आहे असं वाटलं, ते अगदीच चुकीचं नव्हतं.

ता. क. ३. येण्याआधी तो फोटो एकदा पर्समधून काढून नीट बघ. त्यात खूण भलत्या बाजूला आहे, पण आईने सांगितलं होतं तसा मी हसतो आहे. तिला दाखवायचा राहिला, तो तू बघ. मग फोन कर. 'बरं' एवढंच म्हणालीस तरी चालेल, या वेळी पुढचं मी बोलेन.